भिंतींना ढकलणारे छत

आज आधी एक प्रयोग करू या. दोन रिकाम्या काडेपेट्या चार बोटांच्या अंतरावर ठेवा. मध्ये एक पोस्टकार्ड वाकवून कमानीसारखे बसवा. आता कमानीवर बोटाने हळूच दाबा. काय झालं? काडेपेट्या बाहेर सरकल्या ना! आई-बाबांनाही करून दाखवा.

नऊशे-हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या गवंड्यांपुढे हाच पेच होता. लाकडी छपरे आगीत जळून जात, म्हणून ते चर्चवर दगडी कमानदार छत घालू लागले. पण हे वजनदार छत भिंतींना रात्रंदिवस बाहेर ढकलत राही. मग भिंती जाडजूड बांधायच्या आणि खिडक्या लहान ठेवायच्या! जाड भिंतींची, गोल कमानींची अशी चर्चेस फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत आजही दिसतात. या शैलीला ‘रोमनेस्क’ म्हणतात, कारण गोल कमान ही मूळची रोमन लोकांची आवडती.

बर्गंडी भागात एका टेकडीवर वेझले नावाचे लहानसे गाव आहे. तिथले चर्च ११२० साली आगीत सापडले. पुन्हा बांधताना गवंड्यांनी जरा धीटपणा केला. छताखाली भिंतीत उंचावर खिडक्यांची रांगच ठेवली! उजेड छान आला, पण भिंती हळूहळू बाहेर कलू लागल्या. १८३४ साली सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे तिथे गेले. ते आत बसून चित्र काढत होते, तर आजूबाजूला बारीक दगड टपटप पडत होते! (मी तर तेव्हाच बाहेर पळाले असते.)

दुरुस्तीचे काम १८४० मध्ये कोणाला मिळाले असेल? व्हिओले-ल-द्युक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाला. एवढी मोठी दुरुस्ती त्याने आधी कधीच केली नव्हती. त्याने छताचे काही भाग उतरवून हलक्या दगडांत पुन्हा बांधले आणि भिंतींना बाहेरून दगडी टेकू दिले. काम १८५९ पर्यंत चालले. छत पडले नाही.

तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर एक गंमत कोरलेली आहे. एक माणूस जात्यात धान्य ओततोय आणि दुसरा खाली पीठ गोळा करतोय. आणि त्या धीट खिडक्या? २१ जूनच्या सुमारास भर दुपारी त्यांतून येणारे उन्हाचे कवडसे चर्चच्या बरोबर मधोमध, एका ओळीत पडतात.