नवी भट्टी घेण्याआधी अख्खी फौंड्री कॉम्प्युटरवर चालवून बघता येते का?

राजारामपुरीला लागून असलेल्या शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीपर्यंत कोल्हापूरचा फौंड्री उद्योग पसरला आहे. गाड्यांचे सुटे भाग हा त्याचा मोठा आधार. पण इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ब्लॉक लागतच नाही. अशा काळात कर्ज काढून नवी भट्टी घ्यावी का? इथे सिम्युलेशन कामाला येतं.

सिम्युलेशन म्हणजे काय?

एक प्रकार फौंड्रीवाल्यांना माहीत आहे. वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, पोकळी कुठे राहील, हे आधीच स्क्रीनवर बघायचं. पण ते झालं एका साच्यापुरतं. दुसऱ्या प्रकारात भट्टी, मोल्डिंग, ओतकाम, माणसं, मशीन बंद पडणं असा सगळा कारखानाच कॉम्प्युटरवर चालतो. या तंत्राचा एक पाया पोलाद कारखान्यातच घातला गेला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या युनायटेड स्टीलमध्ये के. डी. टोचर यांनी असा प्रोग्रॅम तयार केला होता.

सरासरी कशी फसवते?

समजा, भट्टी तासाला ५०० किलो धातू देते. एका साच्याला २० किलो लागतो, म्हणजे २५ साचे हवेत. मोल्डिंगची सरासरीही २५च आहे. कागदावर हिशेब जुळला!

प्रत्यक्षात एखाद्या तासाला २० साचे होतात, एखाद्याला ३०. साचे २० असले की १०० किलो धातू थांबतो. तो गरम ठेवायला वीज जळते, पुढचा चार्ज लांबतो. ३० झाले की पाच साचे जागा अडवतात, जास्त वेळ राहिले तर ओल्या वाळूच्या कडा सुकून झडतात. सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

सिम्युलेशनमध्ये असे शेकडो दिवस काही मिनिटांत चालवता येतात. दहा साचे आधीच तयार ठेवले तर? मोल्डिंग मशीनची दुरुस्ती लवकर झाली तर? अडचण मोल्डिंगला असेल, तर मोठी भट्टी घेऊन फक्त हप्ता वाढेल.

मग अडतं कुठे?

फक्त सॉफ्टवेअरच्या किमतीवर नाही. पायथॉनमधलं 'सिमपाय' मोफत आहे. खरी गरज नोंदींची आहे. मशीन किती वेळा बंद पडलं, किती मिनिटं, का? अंदाजे आकडे घातले तर उत्तरही अंदाजेच येणार. आणि हे आकडे कामगारांना पकडण्यासाठी वापरले, तर खऱ्या नोंदी कधीच मिळणार नाहीत.

म्हणून सुरुवात एका वहीपासून आणि घड्याळापासून करा. बँकेत जायचं की नाही, ते नंतर ठरवा.