न फुटलेल्या गोळ्याचा हिशेब

मुळा धरणालगतच्या राहुरीच्या गावांत के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राचं नाव निघालं की बोलणं थेट जमिनीवर येतं. धरणात एकदा जमीन गेलेल्यांचा तो हक्कच आहे. पण या सगळ्यात न फुटलेल्या गोळ्यांचं कुणी नीट विचारत नाही, याचा मला राग येतो.

गोळा कधी फुटायचा हे त्याच्या टोकावरचा फ्यूज ठरवतो. तोफेतून सुटतानाचा झटका आणि गोळ्याची गिरकी, दोन्ही जाणवल्याशिवाय तो सज्जच होत नाही. प्रॉक्सिमिटी फ्यूजमध्ये शिवाय एक छोटा रेडिओ असतो. मूळ रचनेत झटक्यासरशी काचेची कुपी फुटायची, गिरकीमुळे आतलं द्रावण पट्ट्यांवर पसरायचं आणि बॅटरी सुरू व्हायची. जमिनीवरून परतलेल्या रेडिओलहरींवरून फ्यूजला अंतर कळतं आणि गोळा काही मीटर वरच फुटतो. जमीन मुरमाड असो की चिखलाची, तो हवेतच फुटतो. आदळून फुटणारा गोळा मात्र मऊ रानात तसाच रुतून बसू शकतो.

5 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेच्या ‘हेलेना’ युद्धनौकेने प्रॉक्सिमिटी फ्यूजच्या जोरावर जपानी विमान पाडलं. तरीही न फुटलेला गोळा शत्रूच्या हाती पडेल या धास्तीने तो बराच काळ समुद्रावरच वापरला गेला. युरोपातल्या रणभूमीवर तोफखान्याला तो डिसेंबर 1944 मध्ये मिळाला. न फुटलेल्या एकेका गोळ्याची एवढी काळजी तेव्हा घेतली गेली, ती गुपितासाठी. आपल्याकडे प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

आता आदळून, थोड्या उशिराने, ठरल्या वेळी किंवा हवेत फुटण्याची सोय एकाच फ्यूजमध्ये होते. लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक फ्यूज पुरवण्याचा 5,336 कोटींचा दहा वर्षांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे कारखान्याशी डिसेंबर 2023 मध्ये झाला. चांगलंच झालं. पण हे फ्यूज तोफखान्याचे, तर के. के. रेंजवर मुख्यतः रणगाड्यांचा सराव चालतो; शिवाय फ्यूज कितीही चांगला असला तरी एखादा दगा देतोच. बॅटरी संपली तरी पोटातली दारू जिवंत राहते. रेंजवरचं भंगार वेचताना माणसं गेली आहेत.

सरावासाठी क्षेत्र अधिसूचित होतं ते 1938 च्या कायद्याने, आणि अधिसूचना काढतं राज्य सरकार. मुदतवाढ देताना सरकारने एक अट घालावी: प्रत्येक सरावानंतर किती गोळे फुटले नाहीत, ते कोणत्या गटात पडले आणि कोणत्या तारखेला निकामी केले, हे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे.