हात कुणाचा होता?

"काका, तुम्ही त्या लाइनमधले. खरं सांगा, दोघांतल्या कुणी बंद केलं?"

१२ जुलै २०२५, शनिवार. सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर सोसायटीच्या गेटवरच शेजारच्या मुलाने अडवलं. अहमदाबादच्या विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल रात्रीतून जाहीर झाला होता. १५ पानांचा. त्याने तो वाचला नव्हता, पण त्यातलं एक वाक्य त्याला पाठ होतं: एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं, इंधन का बंद केलंस? दुसरा म्हणाला, मी नाही केलं.

मी ३४ वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. पहाटे तीनला, पावसात, टॉर्चच्या उजेडात टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या नोंदवहीवर, सही करून विमान सोडणं हे माझं काम होतं. म्हणून त्याला वाटलं, मला माहीत असणार. मी म्हणालो, "मला माहीत नाही रे." त्याचा चेहरा पडला. "तरी पण, काका?"

त्या "तरी पण"वर मला बोलायचं आहे.

आधी इंधनाच्या खटक्यांबद्दल. दोन इंजिनांचे दोन खटके, कॉकपिटमध्ये थ्रस्ट लिव्हरच्या खालच्या बाजूला, शेजारी-शेजारी असतात. घरातल्या दिव्याच्या बटणासारखे ते नुसत्या धक्क्याने पडत नाहीत. खटका आधी ओढून उचलावा लागतो, मग खाचेवरून पलीकडे न्यावा लागतो. दोन्ही बाजूंना धातूची आडही असते. अहवाल सांगतो, की विमान उडाल्यावर काही सेकंदांतच दोन्ही खटके एका सेकंदाच्या अंतराने 'कटऑफ'वर, म्हणजे बंदवर, गेले. दहाएक सेकंदांनी पहिला पुन्हा 'रन'वर आला, मग दुसरा. इंजिनं पुन्हा पेटू लागली होती, पण उंचीच उरली नव्हती. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून नोंद थांबेपर्यंत सगळं मिळून ३२ सेकंद.

याच खटक्यांचे लॉक तपासून घ्यावेत, अशी सूचना अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकाने २०१८ मध्ये काढली होती. ती सक्तीची नव्हती, त्यामुळे या विमानावर ती तपासणी झालेली नव्हती. हेही त्याच अहवालात आहे. माझ्या हाताचा अनुभव विचाराल तर हे दोन खटके आपोआप पडणं मला अवघड वाटतं. पण अवघड वाटणं वेगळं आणि एखाद्या माणसाच्या नावावर २६० मृत्यू लिहिणं वेगळं.

२६० हा आकडा मला नुसता आकडा म्हणून लिहिता येत नाही. विमानात २४२ जण होते, त्यांतला एकच वाचला. जमिनीवरचे १९ गेले. विमान बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडलं तेव्हा मेसमध्ये पोरं जेवायला बसली होती. विमानातल्या सेवकवर्गापैकी एक मुलगी आमच्या डोंबिवलीची, एक पनवेलजवळच्या न्हाव्याची, एक जण बदलापूरचा. अपघाताच्या रात्री इथल्या गल्लीत कुणी टीव्हीचा आवाज मोठा केला नाही. त्याच गल्लीत महिन्याभराने नाक्यावर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत एकच खल सुरू झाला: म्हातारा की तरुण? थोरला वैमानिक ५६ वर्षांचा, धाकटा ३२ वर्षांचा. कुणाच्या घरी काय चाललं होतं, कुणाचं लग्न झालं होतं, कुणाचं नव्हतं, सगळं चघळून झालं. मग अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने थोरल्याकडे बोट दाखवलं आणि आपल्याकडे तो निकालच ठरला. अशा बातम्या घाईच्या आणि तर्कावर आधारलेल्या आहेत, असं अमेरिकेच्याच एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी बजावलं. ते किती जणांपर्यंत पोचलं? अखेर त्या वैमानिकाच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तुमच्या मुलाला कुणी दोष देऊ शकत नाही, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी त्यांच्या वकिलांना सांगितलं. या वयात एका बापाला हे कोर्टाकडून ऐकून घ्यावं लागावं, याची मला एक नागरिक म्हणून शरम वाटते.

मी इथे वैमानिकांची नावं लिहिलेली नाहीत. अहवालातही ती नाहीत. नावं आपण घालतो.

तपास करणाऱ्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. कॉकपिटमधलं संभाषण द्यायचं तर नेमके शब्द, वेळ, कोण बोललं हे सगळं द्यायला हवं होतं. नाहीतर ते शेवटच्या अहवालासाठी ठेवायचं. एकच वाक्य, तेही आपल्या शब्दांत आणि कोण बोललं ते न सांगता पुढे केलं, की त्या रिकाम्या जागेत लोक हवं ते भरणार.

आता उलट बाजू बघा. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. दुबईहून आलेलं विमान भर पावसात डोंगरावरच्या धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळलं. १९० पैकी २१ जण गेले, दोन्ही वैमानिकही त्यांत होते. मुख्य वैमानिक आपला मराठी माणूस, हवाई दलातून आलेला. दोन दिवसांत घराघरांत निरोप फिरला: चाकं उघडत नव्हती, त्यांनी घिरट्या घालून इंधन संपवलं, इंजिन बंद करून सगळ्यांना वाचवलं. मलाही तो निरोप सात-आठ जणांनी पाठवला. चाकांना काही झालेलं नव्हतं. वर्षभराने अहवाल आला. जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकलं होतं आणि सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, म्हटलं होतं. मग तीच माणसं म्हणू लागली, म्हणजे चूक त्यांचीच!

पण त्या अहवालात आणखीही बरंच होतं. कॅप्टनच्या बाजूचा वायपर उतरण्याच्या पहिल्याच प्रयत्नात बंद पडला होता. पाठीमागून वारा होता. आणि कोळिकोडच्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण याच माणसावर होतं. कसंही करून इथेच उतरायचं, हा दाब डोक्यावर घेऊन तो उतरत होता. तळावर माणसं किती ठेवायची, हे ऑफिसात ठरतं. त्याच्या आधी २०१० मध्ये मंगळूरला अशाच डोंगरावरच्या धावपट्टीवरून विमान खाली गेलं, १५८ जण गेले. आपल्या एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाने त्याची खोलात चिकित्सा केली. २०११ मध्ये तर कोळिकोडच्या धावपट्टीबद्दल लेखी इशाराही दिला गेला होता. पण त्यावर नाक्यावर खल झाला नाही. धावपट्टीला चेहरा नसतो. रोस्टरला बायको-मुलं नसतात. म्हणून आपण माणूस धरतो. त्याला देव करतो, नाहीतर राक्षस.

हे मी वरून बोलत नाही. मी स्वतः हेच केलं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुलैची रात्रपाळी. एका विमानाच्या इंजिनात तेल भरायचं होतं. माझा हेल्पर, विशीतला पोरगा, शिडीवर होता. विमान उभं होतं त्या बेच्या कोपऱ्यातला दिवा आठवडाभर बंद होता. पाच जणांचं काम आम्ही तिघं करत होतो. तेल भरता भरता पलीकडच्या विमानासाठी हाक आली. तो उतरला, धावला, परत आला, इंजिनाचं आवरण, काऊलिंग, बंद केलं. मी खालून टॉर्च मारला आणि सही केली. उड्डाणानंतर तासाभरात तेल उतरू लागलं, वैमानिकाने ते इंजिन बंद करून विमान सुखरूप परत आणलं. ऑइल कॅप टेकलेली होती, बसलेली नव्हती.

चौकशीत मला पहिला प्रश्न आला: "हात कुणाचा होता?" मी त्याचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण सही माझी होती, दिव्याचं मला माहीत होतं, आणि दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मीही बोललो नाही. तो निलंबित झाला, मग नोकरीच गेली. मला ताकीद मिळाली. फाइल बंद.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. त्यानंतर वर्षभर आमच्या पाळीत कुणी स्वतःची बारीक चूक लिहून दिली नाही. आधी पोरं येऊन सांगायची, "साहेब, पाना विसरलो होतो, परत जाऊन आणला." ते बंद झालं. पाने विसरणं बंद झालं नव्हतं.

दोषीला मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलेल्याला शिक्षा हवीच, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना उत्तर मिळायलाच हवं. पण त्यांच्या भरपाईसाठी बळीचा बकरा शोधायची गरज नाही. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाणात ठरावीक मर्यादेपर्यंत कुणाचा दोष सिद्ध न करता भरपाई द्यावीच लागते. त्या घरांना आपण विचारायचं ते हे, की पैसे वेळेवर मिळाले का, कागदांसाठी कुणी हेलपाटे घालायला लावले का. नाक्यावर हा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

काही वर्षांपूर्वी कल्याण स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याने मला हाक मारली. "साहेब, ओळखलं का?" तो हेल्पर होता. केस पांढरे झालेले. मला काय बोलावं सुचेना. त्याने सीट पुसून दिली, भाडं घ्यायला तयार होईना. डोंबिवलीपर्यंत मुलांच्या शाळा-कॉलेजांच्या गोष्टी सांगत राहिला. मी उतरताना मात्र त्याने विचारलं,

"साहेब, त्या बेचा दिवा नंतर लागला का हो?"