‘दुर्गम’ कोणी ठरवले? तंजावरच्या चेरीची वाट

ग्रामीण रस्त्यांचा प्रश्न निघाला की सत्ताधारी वर्गाचे प्रवक्ते एकच शब्द पुढे करतात : ‘दुर्गम’. अमुक गाव दुर्गम, म्हणून तेथे डॉक्टर जात नाही. तमुक पाडा दुर्गम, म्हणून तेथे शिक्षक टिकत नाही. जणू डोंगर, नदी आणि चिखल यांनीच संगनमत करून श्रमिकांना जगापासून तोडले आहे! सरकारी अहवालांतला हा शब्द वृत्तपत्रांत येतो आणि नकळत आपल्याही कार्यकर्त्यांच्या तोंडी बसतो. या शब्दाची परीक्षा सातपुड्यात करू नये. तेथे डोंगराची सबब तयारच असते. ती तंजावरला करावी.

तंजावर म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश. ना घाट, ना अरण्य. वेण्णार, वेट्टार आणि कालव्यांच्या जाळ्याने भिजलेली सपाट भातशेती. वाहतुकीच्या सोयी येथे फार लवकर आल्या. नागपट्टणम बंदरापासून निघालेला लोहमार्ग १८६१ साली तंजावरला पोहोचला. मायावरम ते मुत्तुपेट्टै ही रेल्वे तर १८९४ साली खुद्द जिल्हा बोर्डाने सुरू केली. तांदूळ बाहेर न्यायचा होता. तांदळाला कोणतेही गाव दुर्गम नव्हते.

मराठी वाचकाला तंजावर म्हटले की भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख आठवतो. रामेश्वरच्या वाटेवर या राजांनी उभारलेली अन्नछत्रे आजही अभिमानाने सांगितली जातात. यात्रेकरूला सावली आणि भोजन मिळाले, हे खरेच. परंतु ज्याच्या घामावर ते भोजन शिजले, त्या शेतगड्याच्या वस्तीपर्यंत वाट करावी असे कोणाला सुचले नाही. हा दोष एकट्या मराठ्यांचा नव्हे. त्यांच्या आधीच्या नायकांना आणि नंतरच्या इंग्रजांनाही ते सुचले नव्हते.

ती वस्ती म्हणजे चेरी. तमिळ गावात ‘ऊर’ आणि ‘चेरी’ असे दोन भाग असतात. आपल्याकडील गाव आणि गावकुसाबाहेरील महारवाडा यांची हीच जोडी. रस्ता ऊरपर्यंत येतो. तेथून पुढे चेरीकडे जाते ती शेतांमधल्या बांधाची वाट : एका माणसाचे पाऊल मावेल एवढी, दोन्ही अंगांना पाणी. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो तेव्हा ही वाट आणि शेत यांत फरक उरत नाही. बाळंतीण अडली तर तिला खांद्यावरून न्यायचे. धान्य डोक्यावरून आणायचे. आणि बांध कोणाचा? शेत ज्याचे त्याचा. म्हणजे घराबाहेर पडायलाही मिरासदाराची मर्जी हवी! मजुरी वाढवून मागणाऱ्याची वाट अडवायला यापेक्षा वेगळे हत्यार कशाला हवे?

१९४०च्या दशकात कॉम्रेड बी. श्रीनिवासराव या बांधांवरून चालत चेरीत गेले. ते मूळचे कानडी मुलखातले. तंजावरची भाषा आणि माणसे त्यांनी आपलीशी केली. शेतगड्याला चाबकाने फोडणे आणि शेणाचे पाणी पाजणे ही तेथली रूढ शिक्षा होती. तिच्याविरुद्ध लाल बावटा उभा राहिला आणि पण्णैयाळांना, म्हणजे बांधलेल्या सालगड्यांना, संरक्षण देणारा कायदा १९५२ साली करणे सरकारला भाग पडले. हा कायदा सरकारी जीपमधून आला नाही. तो संघटित श्रमिकांच्या पायांनी आला.

मिरासदारांनी त्याचा सूड घेतला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी, थोडे अधिक भात मजुरी म्हणून मागणाऱ्या आणि लाल बावटा सोडण्यास नकार देणाऱ्या दलित शेतमजुरांच्या चेरीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ माणसे जिवंत जाळण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. भात उत्पादक जमीनदारांच्या संघाचा पुढारी गोपालकृष्ण नायडू याला कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवले. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. त्या निकालातील एक तर्क आपल्या विषयाशी थेट भिडतो. आरोपी बहुतेक धनाढ्य जमीनदार, त्यांतल्या एकाकडे तर मोटार. असे लोक स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील यावर विश्वास ठेवणे कठीण, असे न्यायालयाला वाटले! ज्या वाटेने मजूर पिढ्यान्‌पिढ्या चालला, ती वाट जमीनदाराच्या पायाला शोभत नाही, एवढ्यावर त्याचे निर्दोषत्व टेकले. भांडवली-जमीनदारी न्यायाचे याहून स्वच्छ दर्शन क्वचितच घडले असेल.

आता योगायोग पाहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तो दिवस होता २५ डिसेंबर २०००. तत्कालीन पंतप्रधानांचा वाढदिवस म्हणून ती तारीख निवडण्यात आली. तंजावरच्या शेतमजुराला ती वेगळ्याच कारणाने पाठ आहे. योजनेने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल; देशभर लाखो किलोमीटर रस्ते झाले. परंतु तिची व्याख्या वाचावी. सपाट प्रदेशात पाचशे लोकसंख्येची वस्ती पात्र, आणि बारमाही रस्त्यापासून किमान पाचशे मीटर दूर असेल तरच ती ‘न जोडलेली’. चेरी ऊरपासून किती दूर असते? बहुधा एवढ्याच्या आतच. म्हणजे ऊरला डांबर लागले की चेरी कागदावर आपोआप जोडली गेली! चिखलातले ते अखेरचे चारशे मीटर कोणत्याच तक्त्यात येत नाहीत. अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्यांना जात मोजता येत नाही.

शिवाय रस्ता असणे आणि त्यावरून चालता येणे या दोन गोष्टी आहेत. रस्त्यांच्या वापरात भेदभाव नको, असे संविधानाचे पंधरावे कलम सांगते. तरीही जानेवारी २०१६ मध्ये, तेव्हाच्या नागपट्टणम जिल्ह्यातील तिरुनाळकोंडचेरी येथे, एका शंभर वर्षांच्या दलित वृद्धाचे शव सार्वजनिक रस्त्याने नेण्यास सवर्णांनी विरोध केला. उच्च न्यायालयाने परवानगी दिली होती. पोलिसांनी मात्र शव ताब्यात घेऊन दुसऱ्याच वाटेने नेऊन पुरले. तेथे रस्ता होता, न्यायालयाचा आदेश होता, बंदोबस्तही होता!

काही सुधारणावादी मित्र म्हणतात : रस्ता आला की विकास मागून येईल, जमीनवाटपाची भाषा आता जुनी झाली. आम्ही रस्त्याला विरोध करत नाही. तो आम्ही हक्काने मागतो. पण जमीन मिरासदाराचीच राहिली, तर त्या रस्त्यावरून मजुराच्या आधी कापणीचे यंत्र येते, आणि त्याच्या मागोमाग धान्याचा दलाल. महाराष्ट्रात हे आपण पाहिलेच आहे. १९७२च्या दुष्काळात हजारो स्त्रियांनी उन्हात खडी फोडून रस्ते घडवले. त्यांपैकी ज्यांवरून साखर कारखान्याचा ऊस जातो त्यांची डागडुजी हंगामाच्या आधी होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून मात्र आजही आजारी माणूस झोळीत घालून आणावा लागतो.

एक अप्रिय गोष्ट आपल्याबद्दलही. श्रीनिवासराव पायी गेले. त्याच काळात ठाणे जिल्ह्यात गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांवर पायीच फिरत होत्या. आज आपल्या कित्येक सभा गाडी थांबते तेथेच भरतात. तालुका समितीच्या अहवालात गावाचे नाव लागते, पण सभा झालेली असते ती सडकेवरच्या चहाच्या टपरीपुढे. सरकारचा तक्ता ऊरपाशी संपतो म्हणून त्याला दोष देताना आपला तक्ता कोठे संपतो, हेही तपासले पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या क्षेत्रातील शेवटच्या झोपडीपासून बारमाही रस्त्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे, मधली जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावरून लिहून काढावे, आणि ती यादी येत्या पावसाळ्यापूर्वी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवावी.