हेल म्हणजे आजार नव्हे

आमच्याकडे शिकून गेलेला एक डॉक्टर सध्या इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात काम करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. "सर, इंग्रजीचं काही अडत नाही, पण पेशंट दोन-दोनदा विचारतात, काय म्हणालात? उच्चारांचा क्लास लावलाय. वर्षभरात हा मराठी हेल जाईल ना?" एखादा जुना आजार बरा होईल का, असं विचारावं, तसा त्याचा सूर होता.

हेल हा आजार नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. तान्ह्या बाळाला जगातल्या बहुतेक भाषांतल्या ध्वनींमधला फरक कळतो. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता. वर्षाच्या आसपास फारच थोड्यांना. यात मेंदूचं काही बिघडत नाही. तो घरच्या भाषेत तरबेज होतो आणि बाकीच्या फरकांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

आपलंही तसंच होतं. इंग्रजीतले दोन वेगळे 'व' आपल्या तोंडून एकच होतात. शब्दाच्या सुरुवातीचा 'प' इंग्रज माणूस हवेचा झोत सोडून म्हणतो. आपला कोरडा 'प' त्याला 'ब' वाटू शकतो. मग गोळीची 'पिल' त्याच्या कानावर 'बिल' होऊन पडते! मोठेपणी सरावाने बराच फरक पडतो, पण हेल पूर्ण जाईलच असं नाही. हेन्री किसिंजर पंधराव्या वर्षी जर्मनीतून अमेरिकेत गेले, तिथे परराष्ट्रमंत्री झाले, शंभर वर्षं जगले; जर्मन हेल शेवटपर्यंत राहिला.

त्याने बिघडलं काय? हेल असणं आणि बोलणं न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मन्रो आणि डरविंग या अभ्यासकांनी १९९५ मध्येच दाखवलं. ठळक हेल असलेलं बोलणंही अनेकदा शब्द न् शब्द समजतं. म्हणून त्या डॉक्टरला म्हटलं, हेल पुसायच्या मागे लागू नकोस. जिथे गैरसमज होतो, तेवढं दुरुस्त कर. वेग कमी ठेव. शब्दातला आघात नीट शिक. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गोंधळ झाला, तर औषधाचा डोस चुकेल. तिथे 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झीरो' असे आकडे सुटे सांग. आणि पेशंटला काय समजलं, ते त्याच्याच तोंडून वदवून घे.

पण सगळा भार बोलणाऱ्यानेच का वाहायचा? शिकागो विद्यापीठात २०१० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत तीच साधी विधानं परकीय हेलात ऐकवली, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती कमी खरी वाटली. कानाला कष्ट पडले की मन विश्वास आखडता घेतं.

हे वाचताना मला आमची ओपीडी आठवली. पाड्यावरची बाई किंवा बिहारकडचा मजूर त्याच्या हेलात दुखणं सांगतो, कुणीतरी हसतं आणि केसपेपरवर शेरा पडतो : 'रुग्णाची माहिती विश्वासार्ह नाही.' अशा कागदांवर मीही सह्या केल्या आहेत. खरं तर मला ऐकू आलं नव्हतं, एवढंच त्यावर लिहायला हवं होतं.

आपल्या मुलांना परदेशात कुणी हेलावरून हसू नये, असं वाटत असेल, तर तो धडा इथूनच गिरवावा लागेल. समजलं नाही, तर पुन्हा विचारावं. त्याला फार तर अर्धं मिनिट लागतं.