पायाला भिंगरी लावलेले मूल



प्रत्येक गावात असे एखादे तरी पोर असतेच. शाळेतून आले की दप्तर ओट्यावर फेकते, भाकरी अर्धी खाते आणि अर्धी हातात घेऊन पळते. बांधावरची गाय आणायला पाठवावे, तर वाटेत सरडा दिसतो आणि गाय तिथेच राहते. गुरुजींचा प्रश्न पुरा होण्याआधीच हे उत्तर देऊन मोकळे! पेन्सिल रोज हरवते. शेजारपाजारच्या तक्रारी दिवसभर येत राहतात, संध्याकाळी दमून आलेल्या बापाचा हात उठतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा पोराला आपण द्वाड म्हणतो, वाह्यात म्हणतो. घरातली थोरली माणसे आईकडे बोट दाखवतात, "लाडाने तूच बिघडवलेस." बिचारी माउली ऐकून घेते आणि रात्री चुलीपुढे डोळे पुसते. आज या पोराविषयी आणि या माउलीविषयी थोडे बोलू.

काही मुलांचे मन एका जागी ठरत नाही, अंग स्वस्थ बसत नाही आणि सुचले ते करण्याआधी त्यांना थांबता येत नाही. डॉक्टर मंडळी याला अतिचंचलता आणि अवधानाची कमतरता म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीएचडी' हे नाव रूढ झाले आहे. हे काही आजचे खूळ नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. बुद्धी चांगली असूनही ही मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्याने तेव्हाच सांगितले. जगभरचा हिशेब पाहिला तर शंभर मुलांत सुमारे ५ मुले अशी निघतात.

आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, तो लगामाचे काम करतो. "थांब, आधी हे पुरे कर," असे तो आतून सांगतो. या मुलांमध्ये तो भाग पक्व व्हायला उशीर लागतो. म्हणून दहा वर्षांच्या अशा पोराकडून सात वर्षांच्या पोराएवढाच दम धरण्याची अपेक्षा ठेवावी. हा स्वभाव बहुतांशी रक्तातून येतो. नीट चौकशी केली तर बापाचे, नाहीतर मामाचे बालपणही पुष्कळदा असेच निघते. तेव्हा यात आईच्या लाडाचा दोष नाही आणि पोराच्या मनात खोटही नाही.

मात्र प्रत्येक खोडकर पोराला हे लेबल चिकटवू नये. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावीत आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसावीत. घरी शांत आणि शाळेतच दंगा, असे असेल तर कारण शाळेत शोधावे. कानाने कमी ऐकू येणे, फळ्यावरचे न दिसणे, अंगात रक्त कमी असणे, झोप अपुरी होणे, यांनीही मुलाचे लक्ष उडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांची मुले हंगामभर शाळेला मुकली तर अभ्यासात मागे पडणारच. तो काही आजार नव्हे.

मुलींच्या बाबतीत उलटेच होते. मुलगी दंगा करत नाही, नुसती हरवल्यासारखी बसते. दूध उतू जाते, मीठ दोनदा पडते. आपण तिला वेंधळी म्हणून सोडून देतो. तिलाही हीच अडचण असू शकते.

आता मारण्याविषयी. मार खाऊन पोर घाबरते, पण लगाम कसा धरायचा हे त्याला मारातून कळत नाही. रोज शिव्या खाणाऱ्या पोराच्या मनात हळूहळू एकच गोष्ट घट्ट बसते, की मी वाईटच आहे. मग ते शाळा चुकवते, खोटे बोलते आणि पुढे वाईट संगतीला लागण्याची भीती असते. पोराचे खरे नुकसान या ठिकाणी होते. शाळेत तर मारायला कायद्यानेच बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्ही निषिद्ध आहेत.

मग करावे काय? शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. शांत, जाणत्या बैलाच्या जोडीला घालतो, थोडे चालवतो, पाठीवर थाप देतो. पोराचेही तसेच आहे.

एका वेळी एकच काम सांगा. "हात धू, कपडे बदल, मग अभ्यासाला बस आणि पाणी भर," असे एका दमात सांगितले तर त्यातले एकही होणार नाही. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, डोळ्याला डोळा भिडवून सांगा. काम झाले की तिथल्या तिथे शाबासकी द्या. आठवड्याने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा आत्ताची शाबासकी त्याला अधिक उपयोगी पडते.

उठणे, जेवण, अभ्यास आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या असू द्या. अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत घ्या, मध्ये गोठ्यापर्यंत एक फेरी मारू द्या. आजी, आई आणि बाप यांचा नियम एकच असावा. एकाने नाही म्हणायचे आणि दुसऱ्याने हळूच द्यायचे, असे नको.

राग अनावर झाला असेल तर त्या वेळी उपदेश करू नका. ओल्या चिखलात आपण नांगर घालत नाही, वाफसा यायची वाट पाहतो. पोराचे आणि आपले डोके निवले म्हणजे बोलावे.

आणखी एक. ही मुले विचार करण्याआधी पाऊल टाकतात, म्हणून त्यांना अपघात अधिक होतात. विहिरीला कठडा हवा. कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर यांच्यापासून त्यांना दूर ठेवा. फवारणीच्या औषधांना कुलूप असू द्या.

एवढ्याने भागले नाही तर तज्ज्ञाला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करते. तपासायच्या यादीत ही अडचणही आहे, तेव्हा पथक येईल त्या दिवशी स्वतः जाऊन बोला. लोणीच्या प्रवरा रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतून फुकट सल्ला मिळतो.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी आधी आईबापांनाच वागण्याचे धडे दिले जातात. मोठ्या मुलाला गरज पडल्यास तज्ज्ञ मेथिलफेनिडेटसारखे औषध देतात. ते झोपेचे औषध नव्हे, त्याने लक्ष टिकायला मदत होते. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीवर नजर ठेवावी लागते. आपल्या मनाने ते सुरू किंवा बंद करू नये. अंगारे-धुपारे आणि जाहिरातीतली बुद्धिवर्धक चूर्णे यांत पैसा घालू नये.

आईबापांचे धडे म्हटल्यावर "आम्हा अडाण्यांना हे कसे जमणार?" असे कुणी म्हणू नये. १९७० पासून आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारशी शाळा न शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायकांनी गावेच्या गावे सुधारली. जे त्यांना जमले ते आपल्यालाही जमेल.

अशी मुले उत्साही असतात, धाडसी असतात आणि बहुधा मनाने निर्मळ असतात. काहींची चंचलता वयाबरोबर कमी होते, काहींची पुढेही राहते. पण सांभाळून घेणारे माणूस मिळाले तर ती आपल्या पायावर उभी राहतात. आज रात्री झोपण्याआधी तुमच्या पोराने दिवसभरात केलेली एक तरी चांगली गोष्ट आठवा आणि त्याला जवळ घेऊन ती सांगा. सुरुवात तिथूनच करायची.