झोप लागते का?



घरी कुणाची बायपास ठरली की आपण इकडून फोनवर काय काय विचारतो! ब्लॉकेज किती टक्के, सर्जन कोण, विम्याचे काय. माझ्या वडिलांच्या वेळी मीही हेच विचारत होते. ते पाच आठवडे रात्र रात्र खुर्चीत बसून काढत होते, हे मला आईकडून नंतर कळले.

"टेन्शन असणारच," असे म्हणून आपण हा विषय संपवतो. पण हृदय कमकुवत असेल तर आडवे झाल्यावर फुफ्फुसांत रक्त तुंबते आणि दम लागतो. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री सारखे उठावे लागते. काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही झोप बिघडते. झोपेत श्वास थांबणे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हृदयरोग्यांत बराच आढळतो आणि भूलतज्ज्ञांना तो आधी माहीत असावा लागतो. यांवर बरेच काही करता येते, पण कुणी डॉक्टरांच्या कानावर घातले तर. झोप मोजताही येते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग प्रश्नावलीत ० ते २१ गुण असतात; ५ च्या वर गेले की झोप चांगली नाही असे समजतात.

उरते ती भीती. तिच्यात आपलाही वाटा असतो. न्यू जर्सीतली माझी दुपारी एकची जेवणाची सुट्टी म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेदहा. त्या वेळी मी भावाशी ऑपरेशनबद्दल बोलायचे. "बाबांना नको सांगायला, घाबरतील," म्हणून तो स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजायचा. मग मी कामाला लागायचे आणि शेजारच्या खोलीत बाबा जागे. शेवटी त्यांनीच विचारले, "शुद्धीवर आल्यावर घशात नळी असेल का? बोलता येईल का?" एवढेच त्यांना हवे होते.

रुग्णाचा माहितीचा हक्क आपण इथे स्वतःसाठी ठणकावून मागतो. आईवडिलांच्या बाबतीत मात्र प्रेमापोटी तोच नाकारतो. आपले पुरोगामीपण घराच्या उंबरठ्याशी थांबू नये.

तेव्हा मंडळी, फोन त्यांच्या सोयीच्या वेळी करा. बोला त्यांच्याशी, त्यांच्याविषयी नव्हे. इकडून झोपेच्या गोळ्या पाठवू नका; अ‍ॅप्निया असेल तर त्या घातक ठरू शकतात. आणि रिपोर्टच्या आधी विचारा, "रात्री झोप लागते का?" उत्तर नकारार्थी आले, तर ते डॉक्टरांपर्यंत पोचवा.